रवाळ मध

डिसेंबरातली पुण्याची दुपार. फळीवरची मधाची बाटली उलटी धरली तरी मध जागचा हलत नाही. खाली पांढरट, रवाळ थर आणि वर बोटभर तपकिरी पातळ मध. घरात निकाल लागायला वेळ लागत नाही: "साखर घातलीय मेल्यांनी!" आणि शेजारची, वर्षभर आरपार दिसणारी बाटली मात्र शुद्ध. हा निकाल ऐकला की मला उगाचच भांडावंसं वाटतं.

अहो, मध म्हणजे मुळात साखरच. साधारण 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि पाणी जेमतेम 17-18 टक्के. एवढ्याशा पाण्यात एवढं ग्लुकोज विरघळून राहणं कठीण. ते संधीच शोधत असतं. परागाचा कण, मेणाची कपची, आधीचा एखादा स्फटिक, काहीही आधाराला चालतं. तापमान 13-14 अंशांवर आलं की काम सगळ्यात भराभर होतं, आणि आपल्याकडची थंडीतली पहाट नेमकी तिथेच येऊन टेकते. मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा मध तर काही आठवड्यांतच गोठतो. ज्यात फ्रुक्टोज जास्त, तो दीर्घकाळ पातळ राहतो. फार बारीक गाळलेला आणि तापवलेला मधही पातळच राहतो, कारण स्फटिकाला धरायला आत काही उरलेलंच नसतं. आता कोणत्या बाटलीवर संशय घ्यायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पातळच हवा असेल तर पातेल्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर काचेची बाटली ठेवावी, झाकण सैल करून. पाणी 40-45 अंश, म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल इतपत. निवलं की बदलावं, मधूनमधून कोरड्या चमच्याने ढवळावं. शेवटचा कण विरघळेपर्यंत धीर धरावा. चार कण राहिले की त्यांच्याच आधाराने मध पुन्हा गोठतो. गॅसवर ठेवू नये. सुगंध उडतो, विकरं मरतात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, जे प्रयोगशाळा मध तापवल्याची खूण म्हणून मोजते.

खरी काळजी त्या वरच्या पातळ थराची. ग्लुकोज स्फटिक होऊन खाली बसलं की पाण्याचा वाटा वर वाढतो. तो 20 टक्क्यांपलीकडे गेला की यीस्टला मोकळं रान. झाकण उघडताना फुस्स झालं, बुडबुडे आणि आंबूस वास आला, तर तो मध बिघडला. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं किंवा ओला चमचा बुडवला तरी हीच गत, कारण मध हवेतली ओल ओढून घेतो.

कधी कधी दोष मधमाश्यांच्या पेटीपासूनच असतो. फुलातल्या रसात 70-80 टक्केसुद्धा पाणी असू शकतं. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत, षट्कोनी घरांत पसरत, पंखांनी वारा घालत आटवतात आणि मग वर मेणाचं टोपण बसवतात. तीन-चतुर्थांश घरं बंद झाल्याशिवाय पेटीतली पोळ्याची चौकट काढू नये हा साधा नियम. घाई केली की मध पाणचट. चौकट उभी धरून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने टोपणं पापुद्र्यासारखी सोलायची आणि चौकट मधयंत्रात, म्हणजे गरगर फिरवून मध बाहेर काढणाऱ्या पिंपात, घालायची. सुरुवातीला हळू फिरवायचं, एक बाजू अर्धी रिकामी झाली की पालटायचं. एकदम जोर लावला तर नवं, कोवळं पोळं फाटून मेणासकट खाली येतं. हे यंत्र ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियन मधमाशीपालकाने 1865 साली दाखवलं. तोवर पोळं पिळायचे, अंडी-अळ्यांसकट. आपली सातेरी जातीची माशी पेटीत नांदते. आग्या माशी मात्र उघड्यावर, कड्यावर नाहीतर सोसायटीच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली. तिला पेटी मानवत नाही.

गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तरी पुणेकरांचा विश्वास काडेपेटीवर. वात मधात बुडवून पेटवा, पाण्यात थेंब सोडा, कागदावर ठेवा, कुत्र्यापुढे ठेवा. दाट पाक यातल्या बहुतेक परीक्षा आरामात पास होतो. ऊस-मक्याची साखर प्रयोगशाळेत जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून पकडता येते. तांदळाचा पाक त्यातूनही निसटतो. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँड तपासायला दिले, तेव्हा एनएमआर या रेणूंची ठेवण तपासणाऱ्या चाचणीत 3 च टिकले. तिथे काडेपेटीची काय कथा! आणि हो, अर्ध्या किलोची बाटली लहान दिसते म्हणून दुकानदाराशी वाद नको. लिटरभर मधाचं वजन 1.4 किलो भरतं, त्यामुळे 500 ग्रॅम म्हणजे 360 मिलिलिटरच्या आसपास.

पंचामृतात चमचाभर, सितोपलादीबरोबर चाटणात बोटभर, एवढ्यावर घरातली बाटली वर्ष काढते. रवाळ मध तर पोळीवर पसरायला जास्तच बरा. ओघळत नाही, मनगटापर्यंत येत नाही.

बारशाच्या घरी मात्र ही बाटली आत ठेवावी. सोनं उगाळून मध चाटवायची रीत जुनी, आणि "आम्ही नाही का वाढलो?" हे आजीचं उत्तर तयार असतं. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, मध कितीही शुद्ध असला तरी. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. घरी मध तापवून ते मरत नाहीत. बाळाची शी अडली, दूध ओढणं मंदावलं, रडणं क्षीण झालं, पापण्या जड दिसल्या तर थांबायचं नाही. थेट डॉक्टरांकडे जायचं, आणि मध चाटवला असेल तर न लाजता तेही सांगायचं.