५८००एक्स की ५८००एक्सथ्रीडी? एकाच बोर्डवर दोन्ही लावून बघितले, माझा अनुभव

माझ्या पीसीत एएमडीचा रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर होता आणि एका मित्राने त्याचा ५८००एक्सथ्रीडी काही दिवस वापरायला दिला, म्हटलं आता एकदाचं नीट तपासून बघू. तुलना करायला ही जोडी फार भारी आहे, दोन्ही झेन ३ या एकाच रचनेचे, दोन्ही ८ कोर १६ थ्रेड, दोन्ही १०५ वॉटचे, सॉकेट पण तोच एएम४, त्यामुळे बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी कशालाच हात लावावा लागत नाही. २०२० सालच्या एक्समध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) ३२ एमबी आणि बूस्ट, म्हणजे कमाल क्लॉक स्पीड, ४.७ गिगाहर्ट्झ, तर २०२२ च्या एक्सथ्रीडीत चिपच्या डोक्यावर ६४ एमबीचा जादा थर चढवलाय म्हणून कॅश एकूण ९६ एमबी, पण बूस्ट ४.५ वर उतरलाय. बाकी जवळजवळ सगळं सारखं, म्हणजे जो काही फरक दिसेल तो मुख्यतः या दोन गोष्टींमुळे.

आधी एक्सवरच सगळ्या टेस्ट उरकून घेतल्या. पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवणारी एएमडीची सोय) बंद ठेवलं कारण एक्सथ्रीडीवर ते अधिकृतपणे मिळतच नाही, मग एकाला चालू आणि दुसऱ्याला बंद ठेवून तुलना कसली करायची. सिनेबेंच आर२३ (रेंडरिंगचा वेग मोजणारी टेस्ट) त्याच्या डिफॉल्ट दहा मिनिटांच्या मोडवरच चालवा, कारण कुलर गरम झाल्यावर क्लॉक किती टिकतो ते पहिल्या मिनिटात कळत नाही.

प्रोसेसर बदलताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या, हे मी मनापासून सांगतोय. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि वरून धरून ठेवणारी पट्टी नसते, त्यामुळे कुलरखालची थर्मल पेस्ट सुकलेली असली की कुलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर पण सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी थोडा वेळ लोड देऊन पीसी गरम करायचा, मग बंद करून, प्लग काढून, कुलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल करायचा, पेस्टची पकड सुटली की हाताला लगेच जाणवतं. दुसरं म्हणजे बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) आधीच अपडेट करून ठेवा, जुन्या बायोसवर एक्सथ्रीडी ओळखला जाईलच असं नाही. आणि तिसरी सर्वात महत्त्वाची, नवीन प्रोसेसर बसवल्यावर बोर्ड एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का विचारतो, बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर ड्राइव्हमधला डेटा अडकून बसेल, तेव्हा की आधीच मोबाईलमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पण बंद होतं, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड बघून मगच टेस्टला लागा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ वर चालते आणि आपण प्रोसेसरला नावं ठेवत बसतो.

आता निकाल. सिनेबेंच आणि ब्लेंडरमध्ये जुना एक्सच थोडा पुढे, आणि ते बरोबरच आहे, रेंडरिंगला क्लॉक लागतो, जादा कॅशचा तिथे फारसा उपयोग नाही. एक्सथ्रीडीने वीज कमी खाल्ली तरी तापमान ऐंशीच्या पुढे गेलंच, कारण त्या वरच्या थरामुळे कोरची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो (२०२४ च्या ९८००एक्सथ्रीडीत कॅश कोरच्या खाली नेली ती याचसाठी, फार हुशारीचं काम केलंय ते).

गेममध्ये मात्र चित्रच पालटलं. रिझोल्यूशन मुद्दाम १०८०पी आणि ग्राफिक्स लो ठेवलं होतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आडवं येत नाही आणि प्रोसेसरचा खरा दम दिसतो. फ्लाइट सिम्युलेशन आणि मोठ्या वसाहती उभारायचे गेम, जिथे हजारो वस्तूंचा हिशोब दर फ्रेमला करावा लागतो, तिथे एक्सथ्रीडी सरळसरळ पुढे निघून गेला. कारण असं की हवा असलेला डेटा एल३ मध्ये सापडला तर साधारण १० नॅनोसेकंदात हातात येतो, रॅमपर्यंत जावं लागलं तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि तेवढा वेळ कोर नुसता वाट बघत बसतो, मग ४.७ काय आणि ४.५ काय.

पण मला सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) १ टक्का लो, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, जास्त महत्त्वाचा वाटतो. १२० एफपीएस म्हणजे एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदात, मध्येच एखादी ४० मिलिसेकंदांवर गेली की डोळ्याला झटका बसतो आणि सरासरीत ते कुठे दिसतच नाही. कॅपफ्रेमएक्स या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमचा ग्राफ काढला तर एक्सची रेघ शहराच्या गर्दीवरून उडताना सुयांसारखी वर उसळत होती, एक्सथ्रीडीची त्याच मार्गावर बरीच सपाट. हा फरक ग्राफ न बघता पण जाणवतो, माऊस फिरवला की कळतं.

मग माझ्या रोजच्या सेटिंगला आलो, १४४०पी आणि हाय. बऱ्याच गेममध्ये दोघांचे आकडे जवळजवळ एकच, कारण तिथे ग्राफिक्स कार्डच थकतं, फक्त सिम्युलेशनमध्ये १ टक्का लोमधला फरक टिकून राहिला. मी रोज सिम्युलेशनच खेळतो, त्यामुळे मित्राचा परत करून स्वतःसाठी एक्सथ्रीडी शोधायला लागलोय, आणि जुना एक्स भावाच्या रेंडरिंगच्या पीसीत जाईल, त्याला तोच जास्त कामाचा.