सात साती एकोणपन्नास, वहीत मात्र ५९

तिसरीच्या वर्गशिक्षिकांनी एका मुलाबद्दल मला पाठवलेल्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. पाढे पाठ नाहीत, अंक उलटे लिहितो. डिस्कॅल्क्युलिया (संख्या आणि गणित शिकण्यातली अक्षमता) असेल का? सोबत गणिताची वही. आमची शाळा दादरची, खासगी, इंग्रजी माध्यमाची, पण बरीच मुलं मराठी घरांतली. हा मुलगाही त्यातलाच. त्याचे पाढे घरी आजोबा घेतात.

वहीत सातचा पाढा होता. ७ × ३ समोर १२, ७ × ६ समोर २४, ७ × ७ समोर ५९, ७ × ८ समोर ६५. सगळ्यांवर लाल फुली. मला खटकलं ते इथेच. पाढा न येणारं मूल सहसा शेजारच्या पायरीवर घसरतं, म्हणजे ७ × ६ चं उत्तर ३५ किंवा ४९ लिहितं. २४ लिहीत नाही, कारण २४ सातच्या पाढ्यात येतच नाही. त्याला म्हटलं, "पाढा म्हण." सात एकेपासून सात दाहे सत्तरपर्यंत तो एका दमात म्हणाला. एकही चूक नाही.

मग वीस संख्यांची यादी केली. चार पूर्ण दशकं: ३०, ५०, ७०, ९०. चार जोडअंकी: २२, ४४, ६६, ७७. सहा साध्या: २७, ४२, ५६, ६३, ८१, ९४. आणि सहा 'एकोण'च्या: २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९. आधी इंग्रजीत सांगून लिहून घेतल्या, मग पंधरा मिनिटांच्या खंडानंतर क्रम बदलून मराठीत. दोन्ही वेळा लक्ष कागदापेक्षा पेन्सिलीवर ठेवलं, कारण कोणता अंक आधी उमटतो यातच खरी माहिती असते.

इंग्रजीत वीसच्या वीस बरोबर. मराठीत दशकं आणि जोडअंकी बरोबर (७७ उलटवलं तरी ७७च), साध्या सहांपैकी पाच उलट्या आणि 'एकोण'च्या सहाही चुकलेल्या: एकोणतीसला ३९, एकोणऐंशीला ८९. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ नकाशा मी फार थोड्या वेळा पाहिला.

कारण आपल्या भाषेतच आहे. बेचाळीस म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग चाळीस. लिहायचे मात्र आधी चार. इंग्रजीत बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम वीसच्या पुढे एकच असतो, कानडी-तेलुगूतही तसंच. जर्मन मुलांना मात्र आपल्यासारखीच कसरत करावी लागते. 'एकोण' त्याहून अवघड. एक ऊन पन्नास, म्हणजे पन्नासाला एक कमी. मुलाला मात्र ठळक ऐकू येतो तो 'पन्नास', म्हणून पाच पक्का होतो आणि शेवटी नऊ येतो एवढं आठवत असतं. झाले ५९. अकरा ते अठरा या संख्या बालवर्गापासून डोळ्यांना सवयीच्या, म्हणून वहीत ७ × २ समोरचे १४ चुकले नव्हते.

हा मुलगा वर्गात इंग्रजी ऐकत होता, मनात मराठीत गुणत होता आणि ऐकल्या क्रमाने लिहीत होता.

तरी डिस्कॅल्क्युलियाची शंका तेवढ्यावर सोडता येत नाही. संख्येचा आवाका, म्हणजे संख्या नेमकी केवढी याची जाण, तपासावी लागते. ६३ लिहिलेलं कार्ड दाखवून तेवढे रुपये मागितले: दहाच्या सहा नोटा, तीन नाणी. शून्य ते शंभरच्या कोऱ्या रेघेवर ६३ कुठे येईल विचारलं. त्याने खूण साठाच्या जरा पुढे केली. आवाका शाबूत होता.

आई दुपारी आल्या. सायनच्या रुग्णालयात तपासणीसाठी जायची त्यांची तयारी होती. डिस्कॅल्क्युलियासारखी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्रावर दहावीला कॅल्क्युलेटरसारख्या सवलती मिळतात आणि ज्या मुलाला गरज आहे त्याच्यासाठी पालकांनी मुळीच संकोच करू नये. पण या मुलाला कॅल्क्युलेटर दिला असता तरी त्याने त्यावर २४च दाबले असते. "आधी सहा आठवडे द्या," म्हटलं.

त्यांनी विचारलं, "मग घरी मराठी पाढे बंद करायचे का, टीचर?"

अजिबात नाही. आजोबांचे पाढे ही त्याची कमाई आहे. फक्त उत्तरापुढे एक शेपूट जोडायचं: सात सक बेचाळीस, चाळीस दोन. मग लिहायचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. पंचवीस, बहात्तर हे शब्द जावेत असं मलाही वाटत नाही, पण तात्पुरता पूल म्हणून ती पद्धत खरोखर उपयोगी पडते. 'एकोण'साठी आइस्क्रीमच्या काड्या: एकोणपन्नासला दहा-दहाचे पाच गठ्ठे मांडायचे, एकाचं रबर काढायचं, एक काडी उचलायची. उरले चार गठ्ठे, नऊ सुट्या. रोज दहा मिनिटं, पाचच संख्या. दहा-दहा वेळा लिहून घेणं टाळायचं, त्याने चुकीचा क्रमही पक्का होतो.

एक पळवाट आधीच बंद करावी लागते. काही मुलं एकक आधी उजवीकडे लिहितात, मग दशक त्याच्या डावीकडे बसवतात. उत्तर बरोबर येतं म्हणून शिक्षक खूश होतात. पुढे 'एकशे बेचाळीस' आलं की मूल एक लिहितं, दोन लिहितं आणि चारला जागा उरत नाही.

त्याच आठवड्यात सिनियर केजीच्या बाईंशी बसून ठरवलं की एकवीसच्या पुढचं मराठी मोजणं हातात गठ्ठे असतानाच घ्यायचं, लेखन नंतर. सातवीत ०.४५ ला ०.५ पेक्षा मोठं म्हणणारी मुलं होती, 'पॉइंट फोर्टी फाइव्ह' ऐकून फसणारी. गोंधळ तोच, स्थानाचा. तिथे गठ्ठ्यांऐवजी मीटरपट्टी घेतली: पाच डेसिमीटर आणि पंचेचाळीस सेंटिमीटर शेजारी शेजारी.

सहाव्या आठवड्यात तीच वीस संख्यांची यादी पुन्हा घेतली. साध्या सहाही बरोबर, 'एकोण'च्या चार. एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून अडतात, दोन्ही कानाला फार जवळचे. नव्व्याण्णवला तो 'एकोणशंभर' म्हणाला. नियम त्याला कळला होता. अपवाद भाषेने ठेवला आहे, तो नुसता सांगून टाकला. तीन अंकी संख्या दिवाळीनंतर, आणि तोवर वेळ लावून घेतलेल्या चाचणीतून त्याला सूट.