मूठ उघडली!

ताईच्या पिल्लूला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही), यावेळी थेरपीला मीपण सोबत गेले, वांद्रे रेक्लमेशनला अडॅप्टमध्ये. म्हणजे पूर्वीची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या लेकीसारख्या, मालिनीसारख्या मुलांना नेहमीच्या शाळांत जागाच नव्हती. केवढी हिंमत लागली असेल ना!

मला वाटलं बाहेर बसवतील, पण थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "मावशी ना तुम्ही? या आत, घरी तुम्हालाही करायचंय." पिल्लूची मूठ कायम घट्ट, अंगठा आत, आणि आम्ही इतके दिवस बोटं ओढून उघडायचो, बिचारा कळवळायचा. त्यांनी आधी मनगट हळूच आत वाकवलं, अंगठा टोकाला न धरता मुळाशी धरून बाहेर घेतला, आणि बोटं आपोआप सैल झाली. मग जाड दांड्याचा चमचा हातात दिला.

बाहेर बाकावर ताई दुसऱ्या एका आईशी बोलत होती, दोघी रडत होत्या आणि हसतपण होत्या, खूप महिन्यांनी तिला असं मोकळं बघितलं.

घरी आल्यावर जुन्या चमच्याला सुती कापड गुंडाळलं. रात्रीचा वरणभात अर्धा शर्टावर, पण दोन घास त्याने स्वतः खाल्ले!!