सापेक्ष जोखीम एक्सेलमध्ये काढताना: माझा अनुभव

सरावासाठी मी अमेरिकेतल्या ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’चे १९८८ साली प्रसिद्ध झालेले आकडे घेतो. २२,०७१ पुरुष डॉक्टर. निम्म्यांना दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सुमारे पाच वर्षांत अ‍ॅस्पिरिनवाल्या ११,०३७ जणांपैकी १०४ जणांना हार्ट अटॅक आला, दुसऱ्या गटात ११,०३४ पैकी १८९ जणांना. म्हणजे ०.९४ टक्के आणि १.७१ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सापेक्ष जोखीम ०.५५.

इथवर कुणी अडत नाही. घोळ होतो तो ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सापेक्ष जोखीम ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी तो पल्ला, काढताना. १/१०४ − १/११,०३७ + १/१८९ − १/११,०३४ याचं वर्गमूळ ०.१२१. त्याला १.९६ ने गुणायचं, ०.५५ च्या नॅचरल लॉगमधून एकदा वजा करायचं, एकदा त्यात मिळवायचं आणि दोन्हींना ‘एक्स्प’ (नॅचरल लॉगच्या उलटी क्रिया) लावायचं. उत्तर ०.४३ ते ०.७०. एक्सेलमध्ये नॅचरल लॉगच्या ‘एलएन’ऐवजी ‘लॉग’ लिहिलं तर तो दहाच्या पायाचा लॉग घेतो आणि ०.६१ ते ०.९८ असं अगदी पटण्याजोगं उत्तर देतो! म्हणून मी दोन्ही टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतो. ते ०.५५ च्या आसपास यायलाच हवं. चुकीच्या उत्तरात ते ०.७७ येतं.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘एपिटूल्स’ पॅकेजची खोड वेगळी. त्याला पहिली ओळ तुलनेच्या गटाची आणि पहिला स्तंभ आजार न झालेल्यांचा लागतो. आपल्या सवयीने उलटं भरलं की ०.९९२ दिसतं, आणि औषधाचा काही उपयोगच नाही असं वाटतं. ‘रेव्ह’ या पर्यायाला ‘बोथ’ दिलं की ओळी आणि स्तंभ दोन्ही उलटतात आणि काम होतं.

अहवालात नुसतं ‘धोका ४५ टक्क्यांनी कमी’ लिहिलेलं मला चालत नाही. प्रत्यक्ष फरक ०.७७ टक्क्यांचा आहे. पाच वर्षं साधारण १३० जणांनी गोळी घेतली तर एकाचा अटॅक टळतो. दोन्ही आकडे शेजारी हवेत.

केस-कंट्रोल डेटावर, म्हणजे आधी आजारी आणि निरोगी माणसं निवडून मग त्यांचा पूर्वेतिहास पाहिलेला असतो तिथे, मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे आजारी किती नि निरोगी किती घ्यायचे हे संशोधकच ठरवतो, त्यामुळे टक्केवारीला अर्थ नसतो. तिथे ऑड्स रेशो काढायचा: प्रत्येक गटात आजारी भागिले निरोगी, आणि मग त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर. पण आजार विरळ नसेल तर त्याला सापेक्ष जोखीम समजू नये. एका गटात २० आणि दुसऱ्यात ४० टक्के आजारी असतील तर जोखीम निम्मी असते, ऑड्स रेशो ०.३७५ येतो.