कारल्यामुळे काकडी कडू होते का?

ठाण्यात बाल्कनीत वेल चढवणारे बहुतेकजण हाच प्रश्न विचारतात: शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू निघाली का?

नाही. कूळ एकच असलं तरी कारल्याच्या गुणसूत्रांच्या ११ जोड्या, काकडीच्या ७. त्यांचा संकर होत नाही. शिवाय आपण खातो तो गर वेलाचा स्वतःचा. कुठल्या फुलाचे पराग आले, याचा परिणाम आतल्या बियांवर, म्हणजे पुढच्या पिढीवर होतो.

कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा. काकडीचा जीनोम (तिच्या सगळ्या जनुकांचा आराखडा) २००९ साली प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये हे द्रव्य तयार करणारी नऊ जनुकं सापडली. त्यांना दोन बटणं आहेत, एक पानातलं, एक फळातलं. खाण्याच्या वाणांत फळातलं बटण मंद असतं, पण पाण्याची ओढ बसली की ते पुन्हा चालू होऊ शकतं. उन्हाळ्यात कुंडी रोज दुपारी सुकत असेल, तर आधी पाणी सुधारा, बियाणं नंतर बदला.

काही वाणांत मात्र द्रव्य बनवायची पहिली पायरीच मोडलेली असते. त्यांचं पानही कडू लागत नाही आणि फळ कधीच कडू होत नाही. हा गुण अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्यामुळे अशा वाणाचा मुरबाड-शहापूरकडच्या गावठी काकडीशी संकर केला, की पहिल्या पिढीची सगळी रोपं कडू पानांची येतात. बरेचजण इथेच सोडून देतात, आणि ते फार वाईट वाटतं, कारण हवं ते बिनकडू रोप पुढच्याच पिढीत आहे.

पहिल्या पिढीतल्या वेलावर मादी फूल (मागे इवली काकडी असते) आणि नर फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलावर फिरवा आणि ते पुन्हा बांधा. फळ वेलावरच पूर्ण पिवळं होऊ द्या. कोवळ्या काकडीचं बी रुजत नाही. बी गरासकट दोन दिवस आंबवून धुवा, सावलीत वाळवा.

आता पेरणी. चारात एक रोप बिनकडू अपेक्षित असतं, पण आठच लावली तर दहातल्या एका वेळी एकही मिळत नाही. सोळा लावा. बीजपत्राचा (रोपाच्या पहिल्या दोन जाड पानांपैकी एकाचा) नखाएवढा तुकडा चावून थुंका, चूळ भरून पुढचं रोप. औषध लावलेलं रंगीत बी असेल तर ही चव घेऊ नका. निवडलेलं रोप या गुणासाठी पक्कं असतं. त्याचं फूल त्याच वेलाच्या परागाने फळवलं की सगळी संतती बिनकडू.

फक्त या वेलांवर लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड जास्त येते, कारण कुकुर्बिटासिन तिलाच अडवत असतं. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा बघा आणि कोळी दिसला की तिथेच पाण्याचा जोरात फवारा मारा.