दाखल्यापायी गेलेले चाळीस दिवस

कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून माझी गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीची ऑर्डर निघाली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. अकरा महिन्यांची, आणि सात दिवसांत रुजू व्हायचं. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव सोडलं. वर्धा, चंद्रपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली, आलापल्लीचं जंगल लागलं आणि दिवस मावळता मावळता अहेरीत उतरलो. छोट्या हत्तीत सामान, सोबत हे, सासूबाई, चौथीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. खोली मिळाली, रुजू अहवाल दिला, ड्युटी सुरू झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

उन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणून निघताना दाखले घेता आले नाहीत तरी वेळ आहे असं वाटलं. शाळा उघडली त्याच दिवशी यांना गावी पाठवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "अर्ज ठेवून जा, पुढच्या आठवड्यात देतो." पुढच्या आठवड्यात क्लार्क नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात सर पंचायत समितीत मिटिंगला. प्रत्येक खेपेला जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि यांची मजुरी बुडायची ती वेगळीच.

इकडे अहेरीतल्या शाळेत विचारलं तर उत्तर एकच, "दाखला आणा, मग नाव घालू." पोरगी रोज सकाळी दारात उभी राहून गणवेशातली पोरं जाताना पाहायची. मी नाईट करून घरी यायची तेव्हा ती तिथंच असायची. तिला काय सांगावं ते सुचायचं नाही.

चौथ्या खेपेला मी स्वतः गेले. नाईट संपवली, आंघोळ केली आणि सरळ बस धरली. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, चांगलं बोलले. म्हणाले, "सिस्टर, तुमची ऑर्डर अकरा महिन्यांची. वर्षभरात वापस याल जी. लेकरं आजीजवळ राहू द्या न इथंच." मी सांगितलं, आजी आमच्यासोबत आहे. मग म्हणाले, "सप्टेंबर होऊ द्या, मग पाहू."

सप्टेंबर कशाला, हे मला शाळेतल्याच एका मॅडमनी बाहेर सोडायला येताना सांगितलं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला पदं मंजूर होतात तेव्हा, पटावर ठरतात आणि तेव्हा ३० सप्टेंबरचा पट धरायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. गावच्या शाळेचा पट होता ६१. माझी दोन लेकरं गेली की ५९. म्हणजे एका शिक्षकाची खुर्ची माझ्या पोरांच्या नावांवर उभी होती, आणि त्यासाठी ती तीन महिने घरी बसली तरी चालणार होतं. त्या शिक्षकाची अडचण मला कळते. मी स्वतः कंत्राटी आहे, पद जाण्याची भीती मला कोणी शिकवायला नको. पण ते ओझं लेकरांवर टाकायचं नव्हतं.

वाटही त्याच मॅडमनी दाखवली. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५. मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. महिनाभर मी चुकीच्या दाराशी उभी होते!

अहेरीला परत आले आणि कलमाचा उल्लेख करून दोन अर्ज लिहिले. एक इथल्या शाळेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी बोलण्याला काही किंमत नसते हे मी चार खेपांत शिकले. तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला, लेकरांना पाठवा. ऑगस्टचा पहिला आठवडा होता.

ऑनलाइन नाव मात्र तेव्हाही गावच्याच शाळेत होतं. नवी शाळा पोर्टलवरून विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची असते, हे माहीत असू द्या. तीही मान्य झाली, पण गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन गेल्यावर. दाखले त्यानंतर पोस्टाने आले.

रेशनची काळजी करू नका. आधार जोडलेलं असेल तर राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा देऊन धान्य मिळतं, कार्ड बदलावं लागत नाही. आम्ही उगाच तलाठ्याकडे चक्कर मारली. मच्छरदाण्या आधीच घ्या, माणशी एक. गडचिरोलीत मलेरिया काय असतो ते मी वॉर्डात रोज पाहिलं. खोली दवाखान्याजवळच बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. नाईटला चालत जाता येतं आणि पोराला ताप आला तर घरून हाक मारायला कोणी येऊ शकतं.

दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून वाचा. मुलाच्या दाखल्यावर जन्मतारखेचा महिना चुकला होता आणि तो दुरुस्त करायला यांना पुन्हा एकदा गावी जावं लागलं.

पुढे आम्ही ब्रह्मपुरीला हललो. त्या वर्षी ऑर्डर निघायची वाट पाहिली नाही. निकाल घ्यायला गेले तेव्हाच अर्ज सोबत नेला, दोन प्रतींत. दाखले चौथ्या दिवशी मिळाले.