आईचा टी-स्कोअर आणि आजची सकाळ
आईच्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, हे सांगणारा आकडा) उणे २.८ आला, आणि उणे २.५ किंवा त्याखालचा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, हे समजल्यापासून आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतो. हे जपणे चुकीचे होते, हे आज फिजिओथेरपिस्ट बाईंनी शांतपणे पटवून दिले. हाडावर शरीराचा भार आणि स्नायूंचा ताण पडत राहिला तरच ते टिकते. बसून राहिल्यास ते आणखी विरळ होते आणि तोलही जातो.

त्यांनी आईकडून हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, ओटा धरून टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे करवून घेतले. कमरेतून पुढे वाकणे आणि पाठ पिळणे मात्र पूर्ण बंद, कारण त्याने कमकुवत मणका दबून मोडू शकतो. गेली कित्येक वर्षे नेमाने पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून कमरेतून पुढे वाकण्याचे आसन, करणाऱ्या आईचा चेहरा ते ऐकून उतरला, आणि मलाही फार वाईट वाटले.

गोळ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच राहतील. घरी येताच न्हाणीघरात रबरी चटई घातली, वाटेतली सुटी सतरंजी उचलली. संध्याकाळी आई स्वतःहून म्हणाली, "चल, कमाटीबागेत एक फेरी मारून येऊ." आज मी तिचा हात धरला नाही, फक्त शेजारून चालले.